दोन दवाखान्यांमधले अंतर

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने १७ मे १९८८ रोजी ४७४४३६० क्रमांकाचे पेटंट दिले. मोतीबिंदूने गढूळ झालेले भिंग लेसरने फोडून डोळ्याबाहेर काढण्याचे उपकरण हा त्याचा विषय होता आणि ते मिळाले होते डॉ. पॅट्रिशिया बाथ या लॉस एंजेलिसमधल्या नेत्रशल्यविशारद बाईंना. त्यांची जगभरची ओळख या एका कागदावर उभी आहे. महिला दिनाच्या लेखांत, शाळांमधल्या तक्त्यांवर, मोबाइलवरून फिरणाऱ्या मजकुरात त्या भेटतात त्या 'लेसरने मोतीबिंदू काढण्याचे तंत्र शोधणारी कृष्णवर्णीय स्त्री' म्हणून. वैद्यकीय उपकरणाचे पेटंट मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय महिला डॉक्टर हे बिरुदही त्यांच्या नावाला कायमचे चिकटले आहे. माझ्या मते या ओळखीने त्यांच्यावर उपकार केले तसा थोडा अन्यायही केला. बाथ यांचे खरे मोठे काम या पेटंटच्या जवळजवळ दोन दशके आधी सुरू झाले. त्याला कुठलेही यंत्र लागले नव्हते. लागली होती ती रुग्णांची मोजदाद आणि त्या मोजदादीतून निघणारा निष्कर्ष बोलून दाखवण्याची तयारी. आंधळेपण कोणाच्या वाट्याला येते हे रोग एकटा ठरवत नाही, दवाखान्याची व्यवस्थाही ठरवते, हे त्यांनी जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एका शहरात पुराव्यानिशी मांडले.

ही मोजदाद कशी सुचली हे समजायला न्यूयॉर्कचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागात हार्लेम ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. तिथल्या लेनॉक्स अव्हेन्यूवर, १३५व्या रस्त्याजवळ, हार्लेम हॉस्पिटल हे सार्वजनिक रुग्णालय आहे. तिथून फार तर तीन-साडेतीन किलोमीटरवर, १६५व्या रस्त्याच्या पुढे, कोलंबिया विद्यापीठाचे वैद्यकीय संकुल आणि त्यातली नामांकित नेत्रसंस्था. १९६८ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन बाथ यांनी हार्लेम हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप सुरू केली आणि १९६९-७० मध्ये कोलंबियात नेत्रविज्ञानाची फेलोशिप केली. एकाच शहरातल्या दोन नेत्र-ओपीडी त्यांना अशा पाठोपाठ पाहायला मिळाल्या. हार्लेमच्या ओपीडीत येणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक आंधळे किंवा दृष्टी बरीच गमावलेले असत. कोलंबियाच्या ओपीडीत असे रुग्ण अगदी तुरळक दिसत. दोन्हीकडचे डॉक्टर त्याच विद्याशाखेतले, कारण हार्लेम हॉस्पिटल कोलंबियाशी संलग्न होते. तरीही या फरकाची कोणाला टोचणी लागली नव्हती. जो हार्लेममध्ये काम करी त्याला तिथली गर्दी नेहमीची वाटे आणि जो कोलंबियात असे त्याला ती दिसतच नसे.

बाथ यांना टोचणी लागण्यामागे त्यांची जडणघडण होती. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९४२ चा, हार्लेममधलाच. वडील रूपर्ट मूळचे त्रिनिदादचे; दर्यावर्दी म्हणून जग फिरलेले आणि पुढे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मोटरमन झालेले. आई ग्लॅडिस लोकांच्या घरी कामे करून मुलीच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकी. रसायनशास्त्राच्या प्रयोगांची खेळण्यातली पेटीही तिनेच आणून दिली होती. ही माहिती चरित्रकार हमखास देतात, आणि कष्टाळू आई व हुशार लेक असे चित्र त्यातून आपोआप उभे राहते. मला त्याहून अर्थपूर्ण वाटतो तो १९५९ चा उन्हाळा. शाळेत असतानाच विज्ञानात गती असलेल्या मुलांसाठीच्या एका उपक्रमातून त्या येशिव्हा विद्यापीठात कर्करोगाच्या संशोधनात सामील झाल्या आणि तिथे त्यांनी काम केले ते कर्कपेशींच्या वाढीचा अंदाज बांधणाऱ्या गणिती समीकरणावर. रोगाकडे आकड्यांतून पाहण्याची सवय म्हणजे डॉक्टर होण्याआधीची. हंटर कॉलेजातून रसायनशास्त्राची पदवी १९६४ मध्ये, हावर्ड विद्यापीठातून वैद्यकीय पदवी १९६८ मध्ये. (हे वॉशिंग्टनचे हावर्ड, कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेले, बोस्टनजवळचे हार्वर्ड निराळे. मराठी मजकुरात या दोहोंची गल्लत वारंवार होते.) त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, आणि त्यांनी योजलेल्या गरिबांच्या मोहिमेसाठी वॉशिंग्टनमध्ये तंबूंची वसाहत उभी राहिली तेव्हा तिथे आरोग्यसेवा देणाऱ्या हावर्डच्या विद्यार्थ्यांचे नेतृत्व बाथ यांनी केले. आकड्यांची सवय आणि वस्तीतल्या आरोग्याचा अनुभव, दोन्ही घेऊन ही तरुण डॉक्टर हार्लेमच्या ओपीडीत पोचली होती.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती व्यवहाराची. हार्लेम हॉस्पिटलमध्ये डोळ्यांच्या मोठ्या शस्त्रक्रिया होतच नव्हत्या. मोतीबिंदूने दृष्टी गेलेल्या रुग्णाचे निदान होई आणि गाडी तिथेच अडे. बाथ यांनी कोलंबियातल्या आपल्या प्राध्यापकांना हार्लेममध्ये येऊन विनामोबदला शस्त्रक्रिया करायला राजी केले. १९७० च्या सुमारास तिथे पहिली मोठी नेत्रशस्त्रक्रिया झाली आणि बाथ तिथे मदतनीस म्हणून उभ्या होत्या. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. ज्या आजारावरची शस्त्रक्रिया तीन-साडेतीन किलोमीटरवर रोजच्या रोज चालू होती, त्या आजाराने हार्लेममधली माणसे आंधळी राहत होती. औषध सापडायचे बाकी नव्हते की कौशल्य कमी पडत नव्हते. शल्यविशारदाने तिकडे जावे अशी कोणी व्यवस्थाच केली नव्हती.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. ओपीडीतल्या निरीक्षणावर थांबून चालणार नाही हे बाथ यांना कळत होते, आणि साथरोगशास्त्र जाणणारा वाचक इथे पहिली हरकत घेईलच. रुग्णालयात येणारे लोक म्हणजे समाजाचा नमुना नव्हे. ज्यांना जवळपास खासगी डॉक्टर नाही ते आजार बळावल्यावर सरकारी दवाखाना गाठतात. ज्यांना आहे ते साध्या चष्म्यासाठीही मोठ्या संस्थेत जातात. तेव्हा हार्लेममध्ये निम्मे आणि कोलंबियात तुरळक या फरकातून वस्तीत किती आंधळे आहेत हे सिद्ध होत नाही. हरकत रास्त आहे. बाथ यांनी म्हणूनच अंधत्वाच्या उपलब्ध नोंदींचा मागोवा घेतला आणि कृष्णवर्णीयांमध्ये अंधत्वाचे प्रमाण गोऱ्यांच्या दुप्पट असल्याचा निष्कर्ष काढला. काचबिंदूमुळे येणाऱ्या अंधत्वात ही तफावत त्याहून कितीतरी मोठी निघाली. त्याचे मुख्य कारण त्यांनी नेत्रसेवा हाताशी नसणे हे दिले. तरीही नोंदी म्हणजे नोंदी. त्या ठेवणाऱ्याच्या काटेकोरपणावर अवलंबून असतात आणि सत्तरच्या दशकातला त्यांचा निष्कर्ष त्या काळी कोणी फेटाळला असता तर त्याला निव्वळ पूर्वग्रह म्हणता आले नसते.

पडताळा आला दशकभराने, आणि तो बाथ यांच्याशी संबंध नसलेल्या संशोधकांकडून. बाल्टिमोरच्या पूर्व भागात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अल्फ्रेड सॉमर आदींनी १९८५ ते १९८८ या काळात चाळिशीच्या पुढच्या ५,३०८ रहिवाशांचे डोळे तपासले. त्यांत २,३९५ कृष्णवर्णीय आणि २,९१३ गोरे होते. इथे दवाखान्यात कोण येते हा प्रश्नच नव्हता, कारण निवड वस्तीतून केली होती. निष्कर्ष बाथ यांच्याच आकड्यावर येऊन थांबला: अंधत्वाचे प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये सरासरी दुप्पट. १९९१ मध्ये याच पाहणीतून कारणवार तपशील प्रसिद्ध झाला, तो अधिक बोलका आहे. शस्त्रक्रिया न झालेल्या मोतीबिंदूमुळे आलेले अंधत्व कृष्णवर्णीयांमध्ये चौपट होते आणि काचबिंदूमुळे आलेले सहापट. एकंदर अंधत्वापैकी निम्मे टाळता येण्याजोगे किंवा बरे करता येण्याजोगे होते, असा संशोधकांचा अंदाज होता. आणि हे सारे जॉन्स हॉपकिन्सच्या विल्मर नेत्रसंस्थेच्या शेजारच्या वस्तीत. १९२५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था अमेरिकेतल्या अव्वल नेत्रसंस्थांमध्ये गणली जाते. हार्लेम आणि कोलंबिया यांच्यात निदान काही रस्त्यांचे अंतर होते. बाल्टिमोरच्या या लोकांना तेही नव्हते.

आता दुसरी हरकत, पहिलीपेक्षा अवघड. काचबिंदू आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये मुळातच जास्त आढळतो. बार्बाडोस बेटावरच्या मोठ्या पाहणीत चाळिशीपुढच्या कृष्णवर्णीयांपैकी ७ टक्क्यांना तो निघाला. बाल्टिमोरमध्येही त्याचे प्रमाण गोऱ्यांच्या चार-पाच पट होते. मग बाथ ज्याला व्यवस्थेचा दोष म्हणतात तो बराचसा शरीराचाच गुण नव्हे काय? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही आणि तसे देणारे दोन्ही बाजूंचे लोक मला पटत नाहीत. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते, बहुतेकदा आतला दाब वाढल्यामुळे. दुखत नाही, लाली येत नाही, समोरचे बराच काळ स्पष्ट दिसत राहते. आधी कडेचे दिसणे जाते आणि माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. पण वेळेत दाब मोजला आणि थेंब सुरू केले तर उरलेली दृष्टी बहुधा राखता येते. थेंब बाथ यांच्या विद्यार्थिदशेतही होते, आणि टिमोलॉलसारखे अधिक सोयीचे थेंब अमेरिकेत १९७८ मध्ये आले. म्हणजे काचबिंदू होणे आणि काचबिंदूने आंधळे होणे या दोन घटनांच्या मध्ये काही वर्षांचा अवकाश असतो, आणि त्या अवकाशात डॉक्टर भेटतो की नाही यावर पुढचे ठरते. बाल्टिमोरमध्ये हा आजार कृष्णवर्णीयांना सुमारे दहा वर्षे आधी आंधळे करताना दिसला. त्यातले किती वंशाचे आणि किती उशिरा झालेल्या निदानाचे हे वेगळे काढणे कठीण आहे, आणि मी तसा दावा करणार नाही.

मोतीबिंदूच्या बाबतीत मात्र हा संदिग्धपणा राहत नाही. तो वयाबरोबर कोणालाही होतो आणि शस्त्रक्रियेने बरा होतो. पाहणीतले शब्द पुन्हा वाचावेत: शस्त्रक्रिया न झालेला मोतीबिंदू. मोतीबिंदू काही प्रमाणात अधिक झाला असेल असे गृहीत धरले, तरी तो डोळ्यात तसाच राहून जाण्यातली चौपट तफावत शरीराच्या माथी मारता येत नाही. उलट बाजूही सांगायला हवी. म्हातारपणी नेत्रपटलाच्या मध्यभागी होणारी झीज गोऱ्यांमधल्या अंधत्वाच्या सुमारे ३० टक्के प्रकरणांत कारणीभूत होती आणि कृष्णवर्णीयांमध्ये एकाही नाही. म्हणजे शरीराचा वाटा आहे, आणि तो नेहमी एकाच बाजूने झुकत नाही. गोऱ्यांच्या अंधत्वाचा मोठा हिस्सा त्या काळी फारसा इलाज नसलेल्या आजाराचा होता. कृष्णवर्णीयांच्या अंधत्वाचा मोठा हिस्सा इलाज असलेल्या आजारांचा. बाथ यांच्या प्रतिपादनाला याहून भक्कम आधार मला तरी दिसत नाही, आणि तो त्यांच्या विरोधात जाऊ शकेल अशा आकड्यांमधूनच मिळतो.

१९७६ मध्ये बाथ यांनी या विचाराला 'कम्युनिटी ऑप्थॅल्मॉलॉजी' हे नाव दिले. आपण सामुदायिक नेत्रविज्ञान म्हणू. सार्वजनिक आरोग्य, वस्तीतली वैद्यकीय सेवा आणि नेत्रशास्त्र यांची सांगड घालायची, असा त्याचा गाभा. प्रशिक्षित स्वयंसेवकांनी वृद्धांच्या केंद्रांत आणि पाळणाघरांत जाऊन नजर तपासायची, काचबिंदू-मोतीबिंदूचे संशयित हुडकून पुढे पाठवायचे, ज्या मुलांना फळ्यावरचे दिसत नाही त्यांना चष्मा मिळेल असे पाहायचे. चष्म्याचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण चष्म्याअभावी अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला शाळा ढ ठरवते आणि तो शिक्का डोळ्यांपेक्षा जास्त टिकतो. त्याच सुमारास बालरोग व मानसोपचार क्षेत्रांतल्या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी अंधत्व प्रतिबंधासाठी अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ ब्लाइंडनेस ही संस्था काढली. दृष्टी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे हे तिचे ब्रीद. नवजात बाळांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग टाळणारे थेंब, जीवनसत्त्व अ, गोवरासारख्या डोळे घालवू शकणाऱ्या आजारांची लस असल्या कमी खर्चाच्या गोष्टींवर तिचा भर होता.

यात नवे काय, असे भारतीय वाचक विचारेल आणि त्याला तसा अधिकार आहे. आपल्याकडे नेत्रशिबिरांची परंपरा जुनी. भारत सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ चाच, आणि मदुराईत डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले तेही त्याच वर्षी. स्वतः अंध असलेल्या सर जॉन विल्सन यांच्या पुढाकाराने अंधत्व प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७५ मध्ये उभी राहिली होती. रुग्णाची वाट न पाहता त्याच्यापर्यंत जायचे ही कल्पना बाथ यांच्या एकटीची नव्हती; त्या दशकात ती अनेक ठिकाणी मूळ धरत होती. फरक जागेचा आहे. बाकी सगळे जण गरीब देशांकडे पाहत होते. टाळता येणारे अंधत्व म्हणजे आशिया-आफ्रिकेतल्या खेड्यांचा प्रश्न, अशी समजूत पाश्चात्त्य वैद्यकात पक्की होती आणि ती सोयीचीही होती, कारण तिच्यामुळे दानशूर होता येते आणि स्वतःच्या घरात डोकवावे लागत नाही. खेड्यांसाठी जो उपाय सुचवला जातो तोच न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला लागू आहे, हे बाथ यांचे म्हणणे त्यामुळे अमेरिकी नेत्रतज्ज्ञांना अधिक खुपणारे होते.

एवढे मांडल्यावर पेटंटकडे वळू. बाथ यांना कल्पना सुचली १९८१ मध्ये. त्या वेळी मोतीबिंदू काढण्याचे आधुनिक तंत्र म्हणजे न्यूयॉर्कच्याच चार्ल्स केल्मन यांनी १९६७ मध्ये आणलेले फेको: बारीक छेदातून कंप पावणारी सुई आत घालायची, अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी भिंगाचा गढूळ गाभा फोडायचा आणि चुरा शोषून घ्यायचा. कंपनांच्या जागी लेसर वापरला तर काम अधिक नेमके होईल, असे बाथ यांचे गणित. अर्जात त्यांनी वर्णन केलेली नळी एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीची, लवचीक. तिच्या मध्यातून काचतंतू, जो १९३ ते ३५१ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील पट्ट्यातला लेसर मोतीबिंदूपर्यंत नेतो. तंतूभोवतीच्या वेष्टनातून द्रव आत जातो आणि त्याच्या बाहेरच्या वेष्टनातून फुटलेले कण बाहेर ओढले जातात. रचना सुटसुटीत आहे. ती प्रयोगात उतरवायला त्यांना १९८६ मध्ये युरोपात जावे लागले. बर्लिन, पॅरिस आणि इंग्लंडमधल्या लफबरो इथल्या संस्थांत त्यांनी काम केले आणि डिसेंबर १९८६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढे अमेरिकेत त्यांची एकूण पाच पेटंटे झाली, आणि जपान, कॅनडा व युरोपातही काही मिळाली.

इथवर कौतुक योग्यच. पण 'आज लाखो लोकांचा मोतीबिंदू त्यांच्या शोधामुळे निघतो' हे वाक्य खरे नाही. आजही जगातल्या आधुनिक शस्त्रक्रिया बहुतांशी केल्मन यांच्या अल्ट्रासाउंड पद्धतीने किंवा हाताने लहान छेद देऊन होतात. (महाराष्ट्रात 'बाबांचा मोतीबिंदू लेसरने काढला' असे सर्रास म्हटले जाते. बहुतेक वेळा ते फेको असते आणि त्यात लेसर नसतोच. टाके नाहीत, तासाभरात घरी, म्हणजे लेसर, असा हिशोब.) लेसरने भिंग फोडण्याचे इतर प्रयत्न सोव्हिएत संघात आणि अमेरिकेत बाथ यांच्या आधीपासून आणि त्यांच्या बरोबरीनेही चालू होते. जॅक डोडिक यांनी वेगळ्या जातीचा लेसर टायटेनियमच्या पत्र्यावर आदळवून त्याच्या धक्कालहरींनी गाभा फोडण्याची पद्धत काढली, ती काही काळ वापरातही आली. या साऱ्यांना एकाच भिंतीने अडवले: पिकून टणक झालेला मोतीबिंदू लेसरला लवकर दाद देत नाही. त्यातच अल्ट्रासाउंडची यंत्रे झपाट्याने सुधारली. २००८ मध्ये बुडापेस्टला झोल्टान नॉग्य यांनी फेम्टोसेकंद लेसरने मोतीबिंदूवर पहिल्या शस्त्रक्रिया केल्या, पण तो लेसर छेद देतो आणि गाभ्याचे तुकडे पाडतो. ते बाहेर काढायला बहुधा अल्ट्रासाउंडच लागतो. बाथ यांच्या उपकरणाशी त्याचे तंत्र वेगळे आहे. बाथ यांच्या २००० आणि २००३ च्या पेटंटांत त्या स्वतः अल्ट्रासाउंडकडे आणि लेसर-अल्ट्रासाउंडच्या जोडीकडे वळलेल्या दिसतात. आपल्या मूळ कल्पनेच्या मर्यादा त्यांना त्यांच्या चाहत्यांच्या आधी कळल्या होत्या, असा अर्थ मी त्यातून काढतो.

आता तिसरी हरकत, आणि ही भावनेची असली तरी पोकळ नाही. कृष्णवर्णीय बाईच्या शोधाचे माप काढायलाच नेमके कोणी का बसते? गोऱ्या पुरुषांच्या दंतकथा तर बिनचौकशी चालतात. एडिसनच्या दिव्यामागे किती जण होते हे शाळेत कोण शिकवते? यातला राग समजण्यासारखा आहे. १९७५ मध्ये बाथ लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ज्यूल्स स्टाइन नेत्रसंस्थेच्या पहिल्या महिला अध्यापक झाल्या तेव्हा त्यांना बसायला जागा दाखवली गेली ती तळघरात, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांशेजारी. हा वर्णद्वेष की स्त्रीद्वेष या वादात त्या पडल्या नाहीत. ही जागा योग्य नाही एवढेच सांगून त्यांनी दुसरी मिळवली. १९८३ मध्ये त्या नेत्रविज्ञानाच्या निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षण कार्यक्रमाच्या प्रमुख झाल्या, अमेरिकेत हे पद मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. आपले संशोधन केवळ गुणवत्तेवर तोलले जाईल अशा ठिकाणी ते करायचे म्हणून त्या युरोपात गेल्या, हेही त्यांनी सांगून ठेवले आहे. अशा बाईच्या श्रेयात काटछाट करणे कोणालाही जड जावे.

पण फुगवलेले श्रेय तिच्या कामी येत नाही. एखाद्या चिकित्सक नेत्रतज्ज्ञाने पेटंट उघडून वाचले आणि आज चालणाऱ्या शस्त्रक्रियेशी ताडून पाहिले की दंतकथेला तडा जातो, आणि मग तिच्याबरोबर बाकीचे सगळेही संशयास्पद ठरवले जाते. हार्लेमची मोजदाद, दुप्पट अंधत्वाचा निष्कर्ष, सामुदायिक नेत्रविज्ञान, या गोष्टींना असा तडा जात नाही. त्या तपासून झाल्या आहेत आणि उभ्या आहेत. त्या मागे का पडल्या याचे कारण मला लोकांच्या आवडीनिवडीत कमी आणि पुराव्याच्या जातीत जास्त दिसते. पेटंटला क्रमांक असतो, तारीख असते, आकृती असते, एका व्यक्तीचे नाव असते. काचबिंदू वेळेवर सापडून ज्या म्हातारीची नजर शाबूत राहिली तिची कुठेच नोंद होत नाही, कारण तिच्या बाबतीत काही घडलेच नाही. बाथ यांच्या शस्त्रक्रियांमधली उत्तर आफ्रिकेतल्या एका बाईची हकिगत वारंवार सांगितली जाते: तीस वर्षे अंध असलेल्या तिला कृत्रिम पारपटल बसवून त्यांनी दृष्टी परत दिली. अशी हकिगत सांगता येते. स्वयंसेवकांनी तपासलेल्या हजार लोकांची हकिगत होत नाही. तिचा तक्ता होतो.

याचा पुढचा पुरावा त्यांना मिळालेल्या सन्मानांतच आहे. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या बौद्धिक संपदाविषयक उपसमितीसमोर त्यांची साक्ष झाली ती शोधक म्हणून. विषय होता स्त्रिया पेटंटच्या जगात इतक्या कमी का. त्याच वर्षी पेटंट कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१६ मध्ये पेटंटधारक शोधकांत स्त्रियांचे प्रमाण १२ टक्के होते, तेव्हा साक्षीची गरज होतीच. त्यानंतर दोन महिने उलटायच्या आत, ३० मे २०१९ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये मेरियन क्रोक यांच्याबरोबर त्यांचा नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. तिथे पोचलेल्या या पहिल्या दोन कृष्णवर्णीय स्त्रिया. मोजणाऱ्यांसाठी असे दालन कोणी बांधलेले नाही.

१९९३ मध्ये विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर बाथ कशाच्या मागे लागल्या हेही पाहण्याजोगे आहे. त्यांच्याकडे पेटंट होते, नाव होते. उपकरणांच्या धंद्यात उतरणे त्यांना अशक्य नव्हते. त्या पुढे आल्या त्या टेलिमेडिसिनच्या पुरस्कर्त्या म्हणून, म्हणजे जिथे तज्ज्ञ नाही तिथल्या रुग्णाची तपासणी दूरसंचाराच्या साहाय्याने दूरच्या तज्ज्ञापर्यंत पोचवण्याच्या. हे काम त्यांनी आपल्या जुन्या हावर्ड विद्यापीठाच्या बरोबरीने केले, आणि तेही इंटरनेट घरोघरी पोचण्याआधीच्या काळात. लेसरच्या सुधारित आवृत्त्यांचे अर्ज त्या याच वर्षांत करत होत्या.